टपालवालीची कुत्री

वर्लीन पेलग्रँनं एकतीस वर्षं बायूच्या, म्हणजे समुद्राजवळच्या संथ, दलदली खाडीच्या काठच्या एकाच रस्त्यावर टपाल वाटलं आणि त्या एकतीस वर्षांत तिला पाच वेळा कुत्रं चावलं. डाव्या पोटरीवरचा वण ती आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायची. गाडी तिची स्वतःची होती. स्टिअरिंग डावीकडे आणि लोकांच्या पत्रपेट्या उजवीकडे, म्हणून बाई दोन सीटांच्या मधोमध तिरकी बसून डाव्या हातानं गाडी हाकायची आणि उजव्या हातानं पत्रं टाकायची. त्यात तिची कंबर कायमची एका अंगाला कलली.

ती निवृत्त झाली, तेव्हाच रस्त्यावरच्या निम्म्या पेट्या रिकाम्या होत्या. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत सरकत होता आणि खाऱ्या पाण्यानं ओकची झाडं वाळून पांढरी पडत होती. मग एका उन्हाळ्यात मोठं वादळ आलं आणि त्या रस्त्यावरचे उरलेसुरले लोकही वरच्या गावाकडे निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यात वर्लीननं बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्री आणली. ठिपक्याठिपक्यांची, एक डोळा तपकिरी, एक निळा. तिचा भाऊ क्लीव्हस कोळंबीचं जाळं विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "जन्मभर ज्यांच्यापुढं पळालीस, त्यातलीच एक घरात घेतलीस होय?"

वर्लीननं तिचं नाव पार्सल ठेवलं.

हिला हार्टवर्म आहे, हे निवाऱ्यातल्या बाईनं स्पष्ट सांगितलं होतं. असलं कुत्रं सहसा कुणी नेत नाही, हेही सांगितलं होतं. पण वर्लीनला वाटलं, जंत ते जंत. लहानपणी आई एरंडेल पाजायची, तसं काहीतरी पाजलं की झालं.

जनावरांच्या डॉक्टर मरीझनं तिला खाली बसवून समजावलं. ही मरीझ बायूवरच्याच एका कोळ्याची मुलगी. हे जंत पोटात नसतात, ती म्हणाली, काळजात असतात. डास चावतो, त्यातून शिरतात आणि वाढून वीतभर लांब, शिजलेल्या शेवयांसारखे होतात. आधी महिनाभर गोळ्या, मग कंबरेत एक इंजेक्शन, महिन्यानं लागोपाठ दोन दिवस आणखी दोन. जंत मरतात, पण मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात. त्या काळात कुत्रं धावलं, उड्या मारू लागलं, तर जीव जाऊ शकतो.

"औषधापेक्षा धावण्याचीच भीती जास्त, मिस वर्लीन," डॉक्टर म्हणाली. "फार आनंद झाला तरी नाचतात बिचारी. तेवढंही नको."

घरी पार्सलला पिंजऱ्यात ठेवायचं होतं. ती रडायची, दार ओरबाडायची, पाणीसुद्धा प्यायची नाही. दवाखान्यात नेता-आणताना मात्र गाडीत मागच्या सीटवर गपगार पडून राहायची. वर्लीननं डॉक्टरला विचारलं, गाडीतून फिरवलं तर चालेल का? उडी मारू दिली नाही तर चालेल, असं उत्तर आलं. मग क्लीव्हसनं कुरकुरत एक रुंद फळी कापून दिली आणि रोज दुपारी पार्सल त्या फळीवरून पायरीपायरीनं, म्हातारीसारखी गाडीत चढू लागली.

जायचं कुठं? वर्लीनच्या हाताला एकच रस्ता ठाऊक होता.

ती सावकाश गाडी चालवायची आणि मागं बघत बोलायची. इथं त्रोस्क्लेअर बहिणी राहायच्या. दर वसंतात टपालानं कोंबडीची पिल्लं मागवायच्या आणि अख्खी गाडी चिवचिवत असायची. या पेटीत उन्हाळ्यात माझ्यासाठी अंजिराच्या मुरंब्याची बरणी असायची, झाकणाला फडकं बांधून. या घरचा मुलगा लढाईवर होता. त्याचं पत्र आलं, की मी पेटीत टाकायची नाही, कोपऱ्यापासूनच भोंगा वाजवायची आणि त्याची आई पिठाच्या हातांनी धावत यायची. आता तिथं घरांखालचे नुसते खांब होते, कुठं तेही नव्हते. पण बोलता बोलता घरं उभी राहायची आणि संध्याकाळी वर्लीनला जेवण गोड लागायचं. निवृत्तीनंतर तसं कधी लागलं नव्हतं.

पहिल्या इंजेक्शनानंतर तिसऱ्या आठवड्यात ती रस्त्याच्या पार टोकापर्यंत गेली. एका पडलेल्या घराचे चार खांब पाण्यात उभे होते. तिथं पोचताच पार्सल उठली. आधी कान टवकारले, मग सारं अंग थरथरलं आणि काचेवर पंजे मारत ती विव्हळू लागली. तिनं गाडी तशीच मागं घेतली. त्या दुपारी कुत्रीला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, प्राणवायू दिला. दोन दिवसांनी धोका टळला.

ते खांब कुणाचे, हे वर्लीनला सांगायला कुणी नको होतं. एल्फेज बिलियो, शेवटची पेटी. रविवारी ती वरच्या गावी, त्याच्या मुलीच्या फ्लॅटवर गेली. म्हातारा शहाऐंशीचा, खिडकीपाशी बसलेला. तिनं कुत्रीचा विषय काढताच त्यानं विचारलं, "एक डोळा निळा?"

तो तिला शेरी म्हणायचा. वर्लीनची फेरी बंद झाल्यावर आणलेलं पिल्लू. फ्लॅटमध्ये कुत्र्याला मनाई, म्हणून पुतण्याकडे ठेवली आणि तिथून ती पळाली. महिनाभर मुलीच्या मागं लागून त्यानं गाडीतून शोधली होती.

वर्लीननं त्याला सगळं सांगितलं. कुत्री जिवंत आहे, पण तुम्हाला भेटवता येत नाही, कारण तुम्हाला बघून तिला जो आनंद होईल, त्यानंच ती मरेल. हे तोंडातून काढताना तिला फार जड गेलं. आणि मनातून तिला भीतीही होती, की हा आपली कुत्री परत मागेल.

एल्फेजनं डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली. "तिच्याजवळ ठेव. वास येईल तिला."

वर्लीन दारापर्यंत गेली, तेवढ्यात त्यानं हाक मारली. "पोरी, ती टोपी इकडे दे. वाससुद्धा नको." टोपी परत डोक्यावर ठेवून म्हणाला, "कधीपर्यंत?"

"मे उजाडेल, मिस्टर एल्फेज."

"मेपर्यंत मी काही मरत नाही. तू तिला सांभाळ."

त्यानंतर दर रविवारी ती त्याच्याकडे जायची. जाताना धुतलेले कपडे घालायची आणि परतल्यावर ते उतरवून, आंघोळ करून मगच पिंजऱ्यापाशी जायची. क्लीव्हस म्हणायचा, ही म्हातारपणी यार करून बसली की काय. दुपारची फेरी चालूच होती, फक्त टोकाच्या बरंच अलीकडून गाडी वळायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरनं होकार दिला. एल्फेजची मुलगी त्याला खाली, इमारतीमागच्या झाडाखालच्या बाकावर घेऊन आली. वर्लीननं पट्टा आखडून धरला होता, पण गरजच पडली नाही. पार्सल त्याच्यापर्यंत चालत गेली, त्याचे बूट हुंगले, हात हुंगला आणि त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून डोळे मिटले. तिची शेपटी तेवढी हलत होती.

तिच्या कानामागं खाजवत त्यानं विचारलं, आता नाव काय हिचं? नाव ऐकून तो इतका हसला, की मुलीनं पाणी आणलं.

"मी हिला परत मागणार नाही," तो म्हणाला. "मला हे जमलं नसतं. ती रडली असती आणि मी पहिल्याच दिवशी पिंजरा उघडला असता."

तेव्हापासून रविवारी तिघं मिळून त्या रस्त्यानं जाऊ लागले. एल्फेज वर्लीनच्या चुका काढायचा: अंजीर त्या घरचे नव्हेत, त्याच्या पलीकडल्या घरचे. भरतीचं पाणी रस्त्यावर चढलं, की गाडी थांबवून दोघं ओसरायची वाट बघत वाद घालायची आणि पार्सल खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायची. म्हातारा आणखी दोन हिवाळे जगला.

पार्सलचं तोंड आता पांढरं झालंय. दर महिन्याच्या एक तारखेला वर्लीन तिला हार्टवर्म पुन्हा होऊ नये म्हणूनची गोळी सॉसेजच्या तुकड्यात दडवून देते. कुत्री सॉसेज खाते आणि गोळी अलगद फरशीवर काढून ठेवते. मग वर्लीन दुसरा तुकडा कापते.