जुळ्या मुलींचे लंगोट बांधणारे नाना

माझ्या वडिलांना तान्ह्या बाळाचा लंगोट बांधता यायचा.

हो, ऐंशीच्या दशकातल्या जळगावात! कारखान्यात फिटर असलेल्या, झुपकेदार मिशांच्या, सहा फुटी माणसाला!

आमचे नाना आज सकाळी गेले. रडून झालंय. आता ही स्टोरी मला सांगायचीच आहे.

मी तिसरीत होते. आम्ही जळगावातच, मेहरूणला राहायचो. आईला जुळ्या मुली झाल्या, आशू आणि निशू, आणि पाठोपाठ तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी तिला ॲडमिटच ठेवलं. म्हणाले, बाळांना घरी न्या.

घरी कोण? नाना आणि मी.

नानांनी पहिला लंगोट बांधला आणि निशूला उचललं.

निशू वर आली. लंगोट खाली राहिला!

दुसरा इतका घट्ट, की आशूने गल्ली डोक्यावर घेतली.

मग नाना इरेला पेटले. आईची जुनी मऊ सुती साडी फाडून चौकोन केले. प्रॅक्टिसला काय घेतलं? दुधी भोपळा!

चौकोनाचा त्रिकोण. लांब बाजू कमरेखाली. एक टोक पायांमधून वर, दोन टोकं बाजूंनी पोटावर, तिथे सेफ्टी पिन.

"नाना, भोपळ्याला पाय कुठेत?"

"तेच बरं. लाथा तरी मारत नाही."

पिन आधी साबणाच्या वडीत खुपसायची, म्हणजे कापडातून सरकन जाते. नाळ अजून पडली नव्हती, म्हणून वरची कड बेंबीखाली दुमडायची. हे सगळं त्यांनी शेजारणींना विचारून घेतलं. अजिबात लाजले नाहीत.

आणि दोंडाईच्याहून अक्का आली. आईची मोठी बहीण.

आल्या आल्या म्हणाली, "एक पोर मी लई जासू. गडीमाणूसले हाई जमाव नही."

एक मुलगी दोंडाईच्याला न्यायची? नानांचा चेहरा उतरला. ते स्वतः फैजपूरला मामांकडे वाढलेले. "थोडे दिवस" म्हणून पाठवलं होतं. आईवडिलांच्या घरी परत राहायला ते कधी गेलेच नाहीत.

"अक्का, आधी माझा हात तर बघा. मग बोला."

ओट्यावर गोधडी पडली. अक्कापुढे आशू, नानांपुढे निशू. अर्धी गल्ली जमली!

अक्काने बघता बघता गाठ मारून टाकली. नानांची अजून घडीच चाललेली. निशूच्या लाथा सुरू. बायका पदरात तोंड लपवून हसतायत. मी ओरडतेय, "नाना, साबण! साबण!"

पिन लागली.

नानांनी निशूला दोन्ही हातांनी उंच उचललं...

लंगोट जागच्या जागी!

काय टाळ्या पडल्या! मी तर ओट्यावरून उडीच मारली.

अक्काने मात्र टाळी वाजवली नाही. तिने निशूला घेतलं, कमरेशी बोट घालून पाहिलं. घट्ट नाही, सैल नाही. मग तिने नानांचा डावा हात धरला.

दोन बोटं टोचून टोचून लाल झालेली. पिन लावताना नाना ती बोटं कापड आणि बाळाच्या पोटाच्या मध्ये धरायचे.

"कितलं टोचनं, भाऊ?"

"पोरीला नाही ना टोचलं," नाना म्हणाले.

अक्का उठली. आत गेली, आपली पिशवी खुंटीला अडकवली आणि आतूनच म्हणाली, "पोरी आठेच ऱ्हातीन. मी बी आठेच ऱ्हासू."

आई बरी होऊन घरी येईपर्यंत ती इथेच राहिली.

आणि आई आल्यावर? तिने लंगोट हातात घेतला, तर नाना म्हणतात, "राहू दे, तुला नाही जमायचं." आई इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं!

आशू-निशू एका फ्रॉकवरून भांडल्या, एका सायकलवर डबलसीट शाळेत गेल्या. आज दोघी नानांच्या उशाशी बसल्यात.

नाना, आम्हा तिघींना तुम्ही एका घरात वाढवलंत.

तिघींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.