स्फटिकावरची काच

डोळ्यांना न दिसणारा उजेड देणारा स्फटिक वाढवायचा, हा माझा पीएचडीचा विषय. उजेड अतिनीलातल्याही पार पलीकडच्या टोकाचा, पाण्यातले जंतू मारणारा. काम सगळं भट्टीचं. धातूच्या रसात बोरॉन विरघळवायचं, वरून नायट्रोजन सोडायचा आणि भट्टी इतकी सावकाश निववायची की आपलाच जीव जावा. घाई झाली की स्फटिक तडकतात. माझे कित्येकदा तडकले. कधी वीज गेली म्हणून, कधी उगाचच. शेवटी माझे गाईड सर म्हणाले, "या बारीनं नाही झालं तर विषय बदलू." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा दम माझ्यात उरला नव्हता.

त्या बारीला धातूच्या गोळ्यावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, स्वच्छ स्फटिक सुटून आला. मे महिना, कूलर जोरात. पहिला तुकडा त्या वाऱ्यानं चिमट्यातून उडाला तो कुणाला सापडलाच नाही. दुसरा सरांनी घाईघाईनं सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात त्या पातळ काचेखाली दाबला आणि यंत्रात ठेवला. स्फटिक उजळावा म्हणून क्ष-किरण सोडले. पडद्यावर निळसर उजेडाचा एक फुगवटा आला, तो तर स्फटिकातल्या मळाचा. जिथे त्या न दिसणाऱ्या उजेडाची उंच रेष उठायला हवी तिथे सपाट. पुन्हा पाहिलं, सपाटच. सरांनी यंत्र बंद केलं. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मी पिशवी उचलली आणि उमरेडची एसटी धरली. घरी आई वाट पाहत होती. रस्त्यात खिडकीतून झळा येऊ लागल्या तशी शेजारची बाई म्हणाली, "काच ओढून घे वं पोरी, काळी पडशील उन्हानं." मी काच ओढली आणि त्या काचेकडे बघतच राहिले. साधी काच अतिनीलातले असले पलीकडचे किरण अडवते. हे आम्ही दुसऱ्यांना शिकवतो, आणि आमच्याच स्फटिकावर काच होती.

फोन लावला. "सर, वरची काच."

 पलीकडून सर म्हणाले, "आपण दोघंही गाढव आहोत. कुठं पोचली तू? उतर अन् वापस ये. तू आल्याबिगर मी हात नाही लावत."

वाटेतल्या पाचगावला उतरले आणि उलटी बस मिळेपर्यंत उन्हात उभी राहिले. या वेळी आम्ही कूलर बंद केला. घामाच्या धारा लागल्या होत्या. सरांनी श्वाससुद्धा बेतानं घेत काच उचलली आणि तुकड्याची कड चिकटपट्टीनं बसवली. क्ष-किरण सोडले, आणि रेष उठली. जिथे हवी तिथेच, ताठ. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि कूलर चालू करायला गेले.  मी तिथेच स्टुलावर बसले.

तेवढ्यात आईचा फोन. "कुठं राहिली वं? भाकर थंडी होऊन राहिली."

"आज नाही येत, आई. माझा स्फटिक उजेड देऊन राहिला."

"मंग रडून काहून राहिली?"

"झालं म्हणून," मी म्हणाले. आजवर ती 'झालं का' विचारायची तेव्हा दर वेळी मी 'होईल' एवढंच सांगत आले होते.