रायफलींना घाम काढणारा रेइनो

शनिवारी साउना, म्हणजे आमची वाफेने घाम काढायची खोली, तापला की आपल्याआधी नवऱ्याच्या रायफली आत जाऊन बसतील, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी थोडा विचार केला असता. कुणी सांगितलं नाही. रेइनो पेल्कोनेन तेव्हा जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवायचा. पगार बेताचा, दारूचा नाद नाही, चर्चमध्ये झोपायचा पण घोरायचा नाही. माझ्या आईला एवढं पुरे होतं.

रायफलींचं वेड नंतर कळलं. कुठल्या कुठल्या देशांच्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या, दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे बाजूची लोखंडी मूठ, वर उचलून मागे-पुढे करायच्या त्या जुन्या रायफली. हार्डवेअरच्या दुकानात फावड्यांशेजारी एका पिंपात उभ्या असायच्या आणि फावड्यांपेक्षा फार महाग नसायच्या. गंजू नये म्हणून त्यांना तपकिरी, चिकट ग्रीस फासलेलं असायचं, आणि लाकडाने ते वर्षानुवर्षं पिऊन घेतलेलं असायचं. बाकीचे लोक ते कसं काढतात मला माहीत नाही. आमच्याकडे लोखंड वेगळं करून नुसतं लाकूड साउनाच्या वरच्या फळीवर ठेवतात. वाफेत लाकडाला घाम सुटतो, ग्रीस ठिबकतं, आणि मग बायको फळी घासते. जुन्या काडतुसांच्या धुराने नळी गंजते म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचं, तेही माझ्या कॉफीच्या किटलीने. मी दुसरी किटली आणली. तीही गेली.

पण रेइनोला रायफल चकचकीत करायची नसायची. वरवरचं ग्रीस गेलं की झालं. पॉलिश नाही, खरवडणं नाही. त्याला बघायचं असायचं की ही कुणाकडे होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल आडवी टाकायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि लाकडी दस्त्यावरच्या एकेका ओरखड्यावरून बोट फिरवत बसायचं. एका तुर्की रायफलीच्या दस्त्यावर दातांच्या खुणा होत्या. आधी म्हणाला कुत्रा. मग म्हणाला, एवढा मोठा जबडा कुत्र्याचा कसा असेल, खेचर असणार. शेवटी त्याने ओळखीच्या शेतकऱ्याच्या घोड्याला एक फळी चावायला दिली आणि खुणा ताडून पाहिल्या. घोडाही नव्हता. तो प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये अशीच त्याची इच्छा असावी असा मला संशय आहे.

माझा थोरला भाऊ सुलो याच्या अगदी उलट. त्याच्याकडे एकच रायफल होती. आमच्या आजोबांनी सोडलेल्या देशाच्या, फिनलंडच्या सैन्याने रशियनांकडून हिसकावलेली आणि आपल्या पद्धतीने नव्याने बांधलेली. ती कुठून आली, कुणाकडे होती, असल्या गोष्टींशी सुलोला काही देणंघेणं नव्हतं. ती नेम धरू तिथे लागते, बास. दर वर्षी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या क्लबात जुन्या सैनिकी रायफलींची स्पर्धा होते. दुर्बीण लावायची नाही, रायफल सैन्याने दिली तशीच असली पाहिजे. सुलो आरा गिरणीतून थेट यायचा, अंगावर भुसा तसाच, जिंकायचा आणि घरी जायचा. रेइनो शेवटून दुसरा यायचा आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दुसऱ्यांच्या रायफली न्याहाळत बसायचा.

मग एका हिवाळ्यात सुलोला अर्धांगाचा झटका आला. वाचला, चालायला लागला, बोलणं आधीही फारसं नव्हतं ते तेवढंच राहिलं. उजवा हात तेवढा मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, हात जिवंत आहे, पण त्याला कामाला लावावं लागेल, नाहीतर तो आळशी होऊन कायमचा बसेल. सुलो इस्पितळात रबरी चेंडू दाबत बसायचा. वसंतात क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं, हे एकच त्याच्या डोक्यात होतं.

इकडे आमच्या या शहाण्याच्या मनात आलं की मेहुण्यासाठी काहीतरी करावं. सुलोच्या रायफलीचा दस्ता उन्हाळ्यात ग्रीस गाळायचा, गालाला चिकटायचा. रेइनोने ती घरी आणली, पूर्ण सुटी केली आणि लाकडाला साउनात चांगला तीन-चार वेळा घाम काढला. घासलं, पुसलं. माझ्यादेखत हे सगळं झालं आणि मला कौतुक वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

बर्फ वितळल्यावर सुलो मैदानावर उतरला. मी सँडविच घेऊन गेले होते. त्याने रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवली, सावकाश नेम धरला. निशाणाचा कागद आणून पाहिला तर गोळ्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा वर-खाली विखुरलेल्या. पुन्हा मारल्या, पुन्हा तेच. सुलोने रायफल कापडात गुंडाळली आणि रेइनोच्या हातात दिली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "माझा हात गेला."

त्या दिवसापासून त्याने चेंडू सोडला. पावाला लोणी डाव्या हाताने लावायला लागला. उजवा हात मांडीवर असा ठेवायचा, जसा कुणी दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय. शनिवारी साउनाला यायचा बंद झाला. व्यायाम करून घेणारी बाई मला बाजारात भेटली आणि म्हणाली की तुमचा भाऊ आता दारच उघडत नाही. मला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

रेइनोने ती रायफल भिंतीला टांगली आणि तिच्याकडे पाठ करून जेवायला लागला. पण सुलोचा तो कागद त्याने खिशात घालून आणला होता. एके सकाळी बघते तर कागद टेबलावर आणि चष्मा कपाळावर.

"हेल्मी, इकडे बघ," तो म्हणाला. "कमजोर हात एका बाजूला ओढतो. या गोळ्या वर-खाली का गेल्यात?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी सँडविचवाली. पण तो तोवर जोडे घालत होता. मैदानावर जाऊन त्याने स्वतः, पिशवीवर रायफल घट्ट दाबून, गोळ्या झाडल्या. वर-खाली. तस्सं. रेइनोचा नेम काही मोठा नाही, पण त्याला झटका तर आला नव्हता.

घरी येऊन तो साउनाच्या पायरीवर बसला. तिथे त्याला आठवलं. दस्ता सुटा करताना खोबणीतून, जिथे लोखंड लाकडावर बसतं तिथून, काहीतरी पडलं होतं. काळपट, तेलकट पुठ्ठ्याचे दोन तुकडे. कुणीतरी कचरा सोडलाय असं समजून त्याने ते साउनाच्या चुलीत टाकले होते. ज्या माणसाने परक्या दातांच्या खुणेसाठी घोड्याला फळी चावायला दिली, त्याने घरच्या माणसाच्या रायफलीतला पुठ्ठा बघितलाही नाही. तो कचरा नव्हता. फिनलंडच्या कुणा कारागिराने लोखंड हलू नये म्हणून मोजून-मापून घातलेलं अस्तर होतं ते, आणि रायफलीचा सगळा नेम त्यावर बसलेला होता.

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सुलोला सांगू. तर हा नको म्हणाला. नुसतं तोंडाने सांगितलं तर त्याला वाटेल मी त्याची समजूत घालतोय. आधी रायफल ठीक करतो, मग दाखवतो. मग सुरू झाले प्रयोग. दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा. बिअरच्या डब्याचा पत्रा. बर्च झाडाची साल. प्रत्येक वेळी रायफल उघडायची, तुकडा घालायचा, स्क्रू आवळायचे, मैदानावर जायचं, कागद घेऊन परत. आणि खोटं कशाला बोलू, त्याला त्यात मजा यायला लागली होती. जेवताना मला सांगायचा की साल घातली की गोळ्या जवळ येतात पण नळी तापली की पुन्हा पसरतात, याचं कारण काय असेल बरं. उन्हाळा निम्मा सरला.

एक दिवस मी त्याच्या पुढ्यातली थाळी उचलली.

"तुझं कोडं सुटेपर्यंत माझ्या भावाच्या हाताचं लाकूड होईल," मी म्हटलं. "शनिवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर तुला आवडणार नाही."

रेइनोने हातातला काटा टेबलावर ठेवला. माझ्याशी भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग उठला, माझ्या कॉफीच्या डब्याचं झाकण घेतलं, त्यातून पत्र्याची पट्टी कापली, तिच्याखाली पातळ पुठ्ठा घातला आणि मैदानावर गेला. परत आला तो गाडीतून न उतरताच मला बोलवायला हॉर्न वाजवत.

सुलो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. रेइनो त्याच्यासमोर उभा राहिला, टोपी काढली.

"तुझी रायफल मी बिघडवली," तो म्हणाला. "तू इस्पितळात होतास तेव्हा. हात तुझा नव्हता गेला."

सुलोने सगळं ऐकून घेतलं. पुठ्ठ्याचं, चुलीचं, झाकणाचं. शेवटी विचारलं, "माझ्या रायफलीला तू साउनात बसवलंस?"

"हो."

"मला न विचारता."

"हो."

"आणि मी इथे चार महिने हात पुरून बसलो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू पण होतीस यात?"

मी हो म्हटलं. कळल्यावर मीही गप्प बसलेच होते. सुलो उठला आणि गाडीत जाऊन बसला. आम्ही तिघं मैदानावर गेलो.

आधी रेइनोने झाडल्या, पिशवीवरून. कागदावर गोळ्या एका मुठीत मावतील अशा. मग सुलो बसला. त्याने झाडल्या, मी कागद आणला. वर-खाली काही नव्हतं. पण सगळ्या गोळ्या डावीकडे ओढल्या गेल्या होत्या, आणि पसारा रेइनोच्या तिप्पट होता.

रेइनोला कागद बघवेना. तो घाईघाईने म्हणायला लागला की पट्टी अजून बसायची आहे, स्क्रू थोडा ढिला असेल, उन्हामुळे पण होतं.

"गप रे," सुलो म्हणाला. "रायफल ठीक आहे. एवढं माझं आहे."

त्याने कागद गुडघ्यावर पसरला आणि मन लावून बघत राहिला, जसा रेइनो घरी टेबलाशी बघतो. कुठे ओढलंय, किती ओढलंय. मग उजवा हात मांडीवरून उचलून बोल्टवर ठेवला. त्या रायफलीचा बोल्ट धडधाकट माणसालाही घट्ट जातो. सुलोची बोटं एकदा घसरली, पुन्हा घसरली. रेइनो मदतीला पुढे सरकला तर सुलोने डाव्या कोपराने त्याला मागे ढकललं. आम्ही दोघं बाजूला उभे राहून झाडांकडे बघत राहिलो, आणि बोल्ट हळूहळू वर उचलला जाऊन मागे येईपर्यंत कुणीही हात पुढे केला नाही.