मन्मथअप्पांनी लावलेली किंमत

जुन्या गाडीची किंमत सांगायची झाली, की मन्मथअप्पा आधी तिच्या मालकाला घरी पाठवून द्यायचे. "तुमी जा, च्या टाकाय सांगा," म्हणायचे. मालक नजरेआड झाला की गाडीभोवती एक सुलटा आणि एक उलटा असे दोन फेरे मारायचे आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर चढून डोळे मिटून बसायचे. पाच मिनिटं, कधी दहा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोपला. मला तर पहिल्या भेटीत तसंच वाटलं आणि मी काचेवर टकटक केली. डोळे न उघडता अप्पा म्हणाले, "सायेब, देवळात कुनी पूजंला बसलं तर तुमी त्याचा खांदा हलवता का?"

मी तेव्हा या धंद्यात नवाच होतो. बीडला राहून बँका आणि विमा कंपन्यांसाठी वाहनांचं मूल्यांकन करायचो, अजूनही करतो. डिप्लोमा, टेप, कॅमेरा, घसाऱ्याचा छापील तक्ता, असा सगळा सरंजाम जवळ होता. नांदूरघाटला एका ट्रकची किंमत काढायला गेलो, तर मालकानं माझ्या तक्त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "अप्पाला दावली का?" एवढंच विचारलं. अप्पा म्हणजे कोण, तर बाजारगल्लीतले स्पेअर पार्टचे दुकानदार, शिक्षण सातवी. मी मनातून चिडलो. पण अर्धा दिवस घाम गाळून मी काढलेला आकडा आणि केबिनमध्ये डोळे मिटून त्यांनी काढलेला आकडा, यांत जेमतेम दोन हजारांचा फरक निघाला. ट्रक विकला गेला तो त्यांच्या आकड्याला.

तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्या दुकानी जाऊ लागलो. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. उभा जन्म ग्रीस आणि इंजिन ऑइलच्या शेजारात गेला, पण त्या धोतरावर कधी काळा ठिपका दिसला नाही. यामागचं रहस्य मला महिन्याभरात कळलं. हात घालायची वेळ आली की अप्पा दोन पावलं मागं सरकून म्हणत, "सायेब, तेवढं जरा पुसा बरं. नंबर दिसंना." पुसायला बोळा कधीच नसे. त्या पाच-सात वर्षांत माझे किती शर्ट गेले याचं मूल्यांकन मी अजून केलेलं नाही.

दुकानावर अप्पांच्या वडिलांच्या नावाची पत्र्याची पाटी होती. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर मेणकागदात गुंडाळलेलं, कोरंकरकरीत सामान. मात्र ते ज्या गाड्यांचं होतं त्या गाड्या रस्त्यावरून कधीच नाहीशा झाल्या होत्या. यादी कागदावर नव्हती, डोक्यात होती. गिऱ्हाईक आलं तर आधी चौकशी. कोणाची गाडी, कुठं उभी आहे, मिस्त्री कोण. उत्तरं पटली नाहीत तर "संपलाय" म्हणून सांगायचे आणि तो गेल्यावर मला म्हणायचे, "त्याचा मिस्त्री हातोडीनं बेअरिंग बशिवतो. तसल्याच्या हाती कावून द्यायचं?" अशा रीतीनं माल वर्षानुवर्षं शिल्लक राही. त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू म्हणायच्या, "लोकांची पोरगी उजवताना बाप येवढी चवकशी करत न्हाई."

दुसऱ्याच्या गाडीबद्दल मात्र अप्पांचं बोलणं रोखठोक. "रंग लावलेली गाडी आन् नटलेला नवरदेव, दोघांची किंमत दुसऱ्या दिवशी कळती," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "भंगाराला वजन आसतं, गाडीला वय आसतं. काय इकायचं ते आधी ठरवा." ही वाक्यं ते नव्यानं सुचल्यासारखी दर वेळी सांगत आणि मीही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवी.

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला सोजरबाईच्या ट्रकनं शिकवला.

धारूरकडच्या डोंगराळ भागात एका वस्तीवर सोजरबाई राहायची. धनगराची विधवा, पन्नाशीच्या पुढची. तिच्या नवऱ्यानं काही मेंढरं विकून एक लांब तोंडाचा, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढं असलेला जुना ट्रक घेतला होता. लोकर, मेंढरं, कधी ऊस, असं काय काय त्यानं वाहिलं. तो गेल्यापासून ट्रक कडुलिंबाखाली उभा होता आणि त्याच्या सावलीला शेळ्या बसायच्या. त्या वर्षी रोगात सोजरबाईचा निम्मा कळप मेला. मेंढरं पुन्हा भरायची तर ट्रक विकण्याखेरीज मार्ग नव्हता. भंगारवाला नव्वद हजार म्हणत होता. कुणीतरी काढलेला फोटो पाहून पुण्याचे एक गृहस्थही गाडी बघायला येणार होते. आपण फसू नये म्हणून बाईनं भाच्याकरवी मला बोलावलं.

मी गेलो, मोजमाप घेतलं, फोटो काढले. गाडीचं आयुष्य कागदोपत्री केव्हाच संपलेलं. लोखंडाचं वजन धरून मी पंच्याण्णव हजारांचा अहवाल तयार केला आणि परतताना चहासाठी अप्पांकडं थांबलो. सगळी हकीकत सांगून अहवाल त्यांना अभिमानानं दाखवला. त्यांनी तो वाचला नाही.

"केबिनमधी बसलतास का?"

"दार उघडत नव्हतं अप्पा. आत कोंबड्या होत्या."

"म्हंजी कोंबड्यांला ठावं हाय ती गाडी कशी हाय. तुला न्हाई." अप्पांनी चष्मा काढून ठेवला. "पुन्याचं मानूस कवा येनार हाय?"

"उद्या."

"मंग उद्या मला घिऊन चल."

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, धोतराचा सोगा हातात धरून अप्पा वस्तीवर आले. सोजरबाईला चहा टाकायला पाठवलं, माझ्याकडून दार ओढून उघडून घेतलं, कोंबड्या हाकलल्या, दोन फेरे मारले, मागच्या बाजूला जरा वेळ वाकून पाहिलं आणि केबिनमध्ये जाऊन बसले. उतरल्यावर त्यांनी नखानं दारावरचा रंग जरासा खरवडला. "बघ. खाली दुसरा रंग न्हाई. कारखान्यातून आला तोच ह्यो." मग मला बॉनेटमध्ये वाकायला लावून इंजिनवरचा नंबर पुसून घेतला (तो शर्टही गेला) आणि बाईच्या पत्र्याच्या पेटीतल्या कागदांशी ताडून पाहिला. नंबर तोच. "इंजिन बदललेलं न्हाई, रंग बदललेला न्हाई, फळ्या बी पयल्याच. अशी गाडी कुनी हात न लावता ऱ्हाऊ देतं का? गरिबीनं राखली हिला," अप्पा म्हणाले.

पुण्याचे गृहस्थ दुपारी आले. सभ्य माणूस. जुनी वाहनं जमवायची हौस, सोबत स्वतःचा मिस्त्री. त्यांनी पाहणी करून सव्वा लाख देऊ केले. "हेडलाइटच्या रिंगा नाहीत, डिझेल पंप फुटलाय. हे भाग आता कुठं मिळत नाहीत," असं कारण दिलं. सोजरबाईच्या चेहऱ्यावर होकार दिसायला लागला होता. भंगारवाल्यापेक्षा ते जास्तच होते.

अप्पा पुढं झाले. रंग दाखवला, नंबर दाखवले. गृहस्थांचे डोळे चमकले. आता अप्पा भाव वर नेणार म्हणून मी खूश होतो, तर ते म्हणाले, "आता मागं या, आन् खाली वाका. चासीच्या मागल्या आडव्या पट्टीला तडा हाय. वेल्डिंग मारून वर ग्रीस फासलंय, म्हनून दिसंना."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी शांतपणे आपला पाय काढून घेतला. पुण्याचा मिस्त्री गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन त्यानं मान डोलावली. तडा होता. सोजरबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं बाईची मेंढरं घालवली.

ते गृहस्थ मात्र गाडी सोडून अप्पांकडं वळले. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय द्यावेत?"

"हाय तशी, तडा धरून, दोन लाख. पंप आन् रिंगांसगट दोन लाख साठ."

"पंप आहे कुठं?"

"हाय. बाईच्या मालकानं घिऊन ठिवलता, कोरा. घरात जागा न्हाई म्हनून माझ्याकडं ठिवाय दिलता. रिंगा बी."

सोजरबाईनं चमकून पाहिलं, पण अप्पांसारखा माणूस सांगतो आहे म्हटल्यावर ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, कारण तो पंप मला माहीत होता. तिसऱ्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात. त्यावरची धूळ मीच एकदा पुसली होती, आणि तो विकत मागायला आलेल्या दोघांना अप्पांनी "संपलाय" म्हणून परत पाठवलेलंही मी पाहिलं होतं.

सौदा दोन लाख साठला ठरला. परतताना मी विचारलं, "अप्पा, तडा कशाला दाखवलात?"

"तडा सांगितला म्हनून तर बाकीचं खरं वाटलं त्याला. आन् न सांगता बी गाडी पुन्याला गेल्यावर सापडलाच असता. मंग शिव्या कुनाला बसल्या असत्या? त्या बाईला."

"आणि पंप तिच्या मालकानं ठेवायला दिला होता, ते?"

मागं अप्पांनी धोतराचा सोगा सावरून घेतला. मग म्हणाले, "पंप आनलता तसल्याच गाडीसाठी. गाडी हितं माळावर, पंप माझ्या फळीवर. दोघांची गाठ पडली. त्यात माझं काय गेलं?" थोडं पुढं गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "तुझ्या काकूला सांगू नको."

मी नाही सांगितलं. महिन्याभरानं सोजरबाईच नव्या मेंढरांची बातमी आणि एक काळं घोंगडं घेऊन नांदूरघाटला आली आणि काकूंच्या पाया पडून म्हणाली, "आमच्या मालकाचं सामान तुमी येवढी वर्सं जपून ठिवलं." काकूंनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा आढ्याकडं बघत होते. बाई गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "मला येक लुगडं घ्यायचं तर आठ दुकानं फिरवत्यात." अप्पांनी घोंगड्याची वीण उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "माल चांगला हाय. पर येका कडंला टाका सुटलाय." तो टाका शोधायला काकूंनी चष्मा मागवला, पण सुटलेला टाका काही त्यांना सापडला नाही.

पुढं अप्पांचे गुडघे गेले. बीडला नोकरी करणारा त्यांचा मुलगा महेश दोघांना घेऊन जायला आला. दुकानाला गिऱ्हाईक मिळालं, बाहेरगावचा एक व्यापारी. सगळा माल तो एकगठ्ठा घेणार होता. मालाचं मूल्यांकन करायचं काम महेशनं मला दिलं. तीन दिवस मी शिडीवर चढून एकेक पुडकं उतरवलं, अप्पा खुर्चीवर बसून नाव सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. शेवटी मी आकडा काढला, चार लाख वीस हजार, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "ह्या क्लचप्लेटा ज्या गाडीच्या हायत, तसली येक तरी गाडी आज जिल्ह्यात चालू हाय का?"

"नाही."

"मंग भाव कावून लावलास?"

मी शिडी उचलून भिंतीला लावू लागलो.

"मला बरं वाटावं म्हनून?"

"हो अप्पा."

"फाड त्यो कागद. लोकायच्या गाड्यांचं खरं सांगत फिरलो जन्मभर. माझ्याच दुकानापाशी आल्यावर खोटं लिव्हनार का तू?"

मग त्यांनीच एकेक नग घेऊन खरी किंमत सांगितली. कुठं अडखळले नाहीत. आकडा दीड लाखाच्याही खाली आला. मी नवा कागद लिहिला, त्यांनी खाली सही केली आणि पेन मला परत देताना म्हणाले, "आता बरूबर हाय."

माल न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. अप्पा बाहेर आलेच नाहीत. मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला शेजारी बसवून घेतलं. बाहेर हमाल सामान फेकत होते आणि प्रत्येक आवाजाला अप्पा हळू आवाजात नाव सांगत होते. "हे कमानीचे पाटे. हे गिअर, जुन्या ट्रकाचं. हे बुश, डबा फुटला वाटतं. ही नोझल. जरा हळू टाकाय सांग त्यान्ला." मी उठून सांगितलं. पुन्हा येऊन बसलो. तासभर असं चाललं. एकही आवाज त्यांचा चुकला नसावा.

सगळ्यात शेवटी एक मोठा, पसरट आवाज झाला. अप्पा थांबले. कान देऊन ऐकलं, मान हलवली.

"हे काय व्हतं?"

मी दारातून डोकावून पाहिलं. हमालांनी दुकानावरची पाटी उतरवून टेम्पोत टाकली होती. अप्पांच्या वडिलांच्या नावाची.

"काही नाही अप्पा. पत्रा होता."

"पत्र्याचा भाव धरलता का यादीत?"

"नाही."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले, आणि उठायला हात द्यावा म्हणून त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला.