शांतता विणणारी

जुन्या इंग्लंडात दोन राजघराण्यांचं वैर मिटवायला मुलगी शत्रूच्या घरात देत. अशा राणीला ‘शांतता विणणारी’ म्हणत, असं मी वर्गात सांगत होतो. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, पण तिला कुणी विचारायचं का?”

मी पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिलो. बांधाचं भांडण मिटावं म्हणून धाकट्या बहिणीची सोयरीक भांडणाऱ्यांच्याच घरात मी जुळवली होती. लग्नाला आता पाच वर्षं झाली; भांडण मिटलं, तिचं नर्सिंग राहिलं. त्या राण्यांचे भाऊही स्वतःला शहाणेच समजत असणार.

संध्याकाळी तिला फोन केला. “सुमे, तुला विचारलं नाही मी. चुकलो.”

ती म्हणाली, “मग आता विचार की, दादा.”

“करशील हे लग्न?”

“नाही,” ती म्हणाली. तिचा इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता.