उजवा हात वर ठेव

सकाळी डबे भरत होते, तेव्हा वैष्णवीचा फोन आला. एरवी ती "काकू, उठलात का?" अशी चिडवत सुरुवात करते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "काकू, पप्पा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" …खरंच दुसरं काही सुचलं नाही. बबनभाऊ कायम कुठं ना कुठं गेलेलेच असायचे. कंपनीत पहिल्या पाळीला, परंदवडीच्या शेतावर, नाहीतर लेकीला मोटारसायकलवर मागे बसवून कुठल्या तरी स्पर्धेला. पलीकडून तिचा हुंदका आला, तेव्हा मी हातातला डबा तसाच ठेवून दिला. भाताचं रोप बघायला म्हणून गेले होते, बांधावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला गेले, तेव्हा त्यांच्या भावकीतल्या एका आजींनी मला विचारलं, "तुमी कोन लागता बबनच्या?" मी म्हणाले, "आम्ही एका क्लासचे पालक." आजींना त्यातून काही बोध झाला नसणार. पण ज्यांनी वर्षानुवर्षं पोराबाळांच्या कराटे क्लासबाहेर संध्याकाळी काढल्या आहेत, त्यांना कळेल. शेजारी परवडले, नातेवाईक परवडले, पण एकमेकांच्या मुलांना मार खाताना ज्यांनी शेजारी बसून पाहिलंय, त्या माणसांशी जे जुळतं ते वेगळंच असतं.

क्लास सोमाटणे फाट्याजवळ एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. लग्नसराईत पुढच्या बाजूला पंगती उठत असायच्या आणि मसालेभाताच्या वासात आमची मुलं पंच मारत असायची. मी तळेगावहून निनादला घेऊन यायचे. घरातल्या पंख्याला लोंबकळणाऱ्या मुलाला थोडी शिस्त लागावी, एवढीच माझी अपेक्षा होती. हॉलच्या पायरीवर आम्ही चार-पाच आया आणि एखाद-दुसरे बाबा बसायचो. पांढरा ड्रेस पांढरा कसा ठेवायचा, हा आमचा मुख्य विषय. नीळ की ब्लीच, यावरून दोन बायकांचं बोलणं बंद झालेलंही मी पाहिलं आहे.

त्यात एक दिवस भाऊ आले. कंपनीचा निळा शर्ट, पायजमा, पायात चिखलाच्या चपला आणि पाठीमागे लपलेली, काडीसारखी वैष्णवी. पोरगी सातव्या महिन्यात झालेली, लहानपणी सारखी आजारी. डॉक्टर म्हणाले, हिला काहीतरी खेळायला घाला, म्हणून भाऊ तिला इथं घेऊन आले. आमच्या सरांची एक पद्धत होती. क्लास संपला की मुलांनी पालकांकडे तोंड करून उभं राहायचं, कमरेत वाकायचं आणि एका सुरात "ओस!" म्हणायचं. कराटेतला नमस्कार आहे तो. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांनी वाकून "ओस!" अशी गर्जना केली आणि भाऊ भाबडेपणानं म्हणाले, "ऊस? ऊस न्हाई बाबांनो, आमच्याकडं भात!"

पायरी हसून लोळली. मुलंही हसली. सरांना आधी राग आला, पण पुढच्या क्लासला मुलांनी "ओस!" म्हटल्यावर पायरीवरून कुणीतरी "भात!" असं उत्तर दिलं आणि मग ते रोजचंच झालं. सर आम्हाला समज देऊन थकले. आमच्या पालकांच्या ग्रुपचं नाव आजही 'ऊस-भात' असंच आहे. नवे पालक त्यात आले की विचारतात, हा शेतीचा ग्रुप आहे का?

दुसरा प्रसंग मात्र हसण्यावारी गेला नाही. मुलांची फाइट चालली होती. वैष्णवीपेक्षा वीतभर उंच मुलानं तिच्या पोटात लाथ मारली, ती मटकन खाली बसली, आणि आम्हाला काही कळायच्या आत भाऊ चपलांसकट मॅटवर. त्या मुलाचा हात धरून ओरडले, "ए! लाज वाटती का? एवढीशी पोरगी हाय!" मुलगा रडायला लागला, सर धावले, सगळा हॉल हसला. वैष्णवी उठली. पोट धरून चालत बाहेर आली आणि सगळ्यांच्या देखत बापाला म्हणाली, "पप्पा, तुमी परत आत यायचं न्हाई. माझ्याकडं बघायचंबी न्हाई. माझी शपथ." दुसरीतली पोर ती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज असला खणखणीत की मलाच अभिमान वाटला. भाऊ म्हणाले, "बरं बाई. न्हाई बघत."

त्या दिवसापासून भाऊंनी आपली मोटारसायकल हॉलच्या दारासमोर, रस्त्याकडे तोंड करून लावायला सुरुवात केली. तिच्यावर बसायचे ते हॉलकडे पाठ करून. आत काय वाट्टेल ते होवो, मान वळवायची नाही. आम्ही पायरीवरून "भाऊ, बघा बघा, वैष्णवीनं काय मारलंय!" असं मुद्दाम डिवचायचो. "तुमीच बघा ताई, आन् सांगा मला," म्हणायचे. शेवटी मुलांनी "ओस!" म्हटलं की पाठमोरेच हात वर करून "भात!" अशी आरोळी ठोकायचे. मधूनमधून रुमाल काढून मोटारसायकलचा डावा आरसा पुसायचे. त्यावरूनही आम्ही त्यांना सोडत नसू, कारण भांग पाडावा इतके केस त्यांच्या डोक्यावर नव्हते. तो आरसा कायम वाकडा असायचा. एकदा मी म्हटलंही, "भाऊ, मागून ट्रक आला तर दिसायचा नाही." तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, मला तसाच लागतो."

वैष्णवी वाढत गेली तशी तिची फाइट बघायला दुसऱ्या क्लासची मुलं यायला लागली. पाय तर असा चालायचा की समोरच्याला तो दिसायच्या आधी लागलेला असायचा. एकच खोड होती, दमली की डावा हात खाली पडायचा आणि तोंड उघडं राहायचं. सर ओरडून ओरडून थकले. एका सरावात त्याच उघड्या जागी ठोसा बसला आणि तिचा ओठ फाटला. ती तेव्हा नुकती सातवीत गेली होती. दुसऱ्या दिवशी भाऊंचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ते तरातरा हॉलवर आले. पायरीवर आम्ही सगळे होतो. "बबन, बास झालं आता. पोरीच्या जातीला हे शोभत न्हाई. नाकबिक मोडलं तर कोन करंल तिला?" भाऊंनी आयुष्यात आबांपुढे तोंड उघडलं नव्हतं. घरातलं पान आबांच्या शब्दाशिवाय हलत नसे. भाऊ मोटारसायकलवरून उतरले, मान खाली घातली आणि म्हणाले, "आबा, तुमी म्हनाल ते समदं ऐकलंय मी. हे न्हाई ऐकनार. तिला सोडायचं आसंल तर ती सोडंल. मी न्हाई सोडवनार." आबा तसेच परत गेले. पुढे कितीतरी महिने दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि शेतं तर दोघांची एकाच बांधाला लागून.

एवढं केलं, पण बघायचं नाही ते नाहीच. पोरगी मोठी झाली तशी ती शपथ तिलाच नकोशी झाली. स्पर्धेत जिंकली की पहिल्यांदा दाराकडे बघायची आणि तिला दिसायची बापाची पाठ. "पप्पा, ती लहानपणीची शपथ मी सोडली. आता बघा ना," असं तिनं माझ्यासमोर कितीदा म्हटलं असेल. भाऊ हसायचे. "तुला लागल्यालं बघितलं की माझं पाय ऱ्हात न्हाईत, बाय. मी परत उडी मारंन. तुजी लाज जाईल." आणि वर घरी जाता जाता शहाणपणा शिकवायचे, "पन तू दमलीस की उजवा हात वर ठेव. पडतोय तो."

"उजवा नाही पप्पा, डावा! सर रोज डावा डावा म्हणून बोंबलतात. तुम्ही बघतच नाही तर कळणार कसं?"

"आसंल, डावा आसंल," असं भाऊ ओशाळून म्हणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच, उजवा हात वर ठेव. आमच्या पायरीवरचा हा ठरलेला विनोद झाला. निनादनं तर एकदा त्यांना त्यांचा स्वतःचा उजवा हात कुठला ते दाखवायला लावलं होतं. भाऊंनी बरोबर दाखवला.

ब्लॅक बेल्टची परीक्षा लोणावळ्यात होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. धुकं इतकं की गेटातून हॉल दिसत नव्हता. आम्ही गाडीनं गेलो, भाऊ आणि वैष्णवी मोटारसायकलवर, प्लॅस्टिकच्या कागदात ड्रेस गुंडाळून. निनाद दुसऱ्याच फेरीत बाद झाला आणि समोसे खायला मोकळा झाला, त्यामुळे मी सगळं लक्ष वैष्णवीवर लावलं. एकामागून एक नव्या दमाच्या मुली तिच्यासमोर उभ्या करत होते. हिचा श्वास फुलला, पाय जड झाले, डावा हात खाली खाली यायला लागला… मी ओरडणार तेवढ्यात बाहेरून, दाराला अगदी लागून लावलेल्या मोटारसायकलवरून, भाऊंची आरोळी आली, "हात! हात वर ठेव!" वैष्णवीचा हात झटकन वर गेला आणि समोरचीचा ठोसा त्या हातावर आदळला. मला वाटलं, बापाचं काळीज, दुसरं काय. आत इतकी आरडाओरड चालली होती की नेमकी वेळ त्यांना कशी कळली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

निकाल लागला. काळा पट्टा कमरेला बांधून ती धावत बाहेर आली, चिखलात उभी राहून बापासमोर कमरेत वाकली आणि म्हणाली, "ओस!" भाऊंना "भात" म्हणायचं होतं, पण शब्दच फुटेना. मग आम्ही सगळ्या पालकांनी मिळून त्यांच्या वतीनं "भात!" म्हटलं. शाळेचा वॉचमन आमच्याकडे बघतच राहिला. परंदवडीत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले, आणि मंगलवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, सांगत होती की पहिला पेढा आबांनी स्वतः येऊन मागून घेतला.

त्या दिवशी गाडीशी मला एकटीला गाठून वैष्णवी मात्र म्हणाली, "काकू, सगळं मिळालं. पण पप्पांनी मला एकदाही खेळताना बघितलं नाही." मी तिला जवळ घेतलं.

आता ती कॉलेज करते आणि आठवड्यातून तीन दिवस त्याच हॉलमध्ये छोट्यांना शिकवते. भाऊ गेल्यावर क्लास काही आठवडे बंद होता. मागच्या सोमवारी तिचा फोन आला, "काकू, आज सुरू करतेय. याल का? पायरीवर कुणीतरी आपलं माणूस हवंय." मी गेले. निनाद आता शिकायला बाहेरगावी असतो, त्यामुळे कुणाला न्यायचं-आणायचं नसताना त्या पायरीवर बसायची माझी ही पहिलीच वेळ. ती भाऊंची मोटारसायकल घेऊन आली होती. सवयीनं म्हणा, मायेनं म्हणा, तिनं ती भाऊ लावायचे तिथंच, तशीच लावली, दाराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड. मुलं आत उड्या मारत होती. ती खाली उतरली नाही. तशीच गाडीवर बसून राहिली.

"हा आरसा सरळ करायचाय काकू," ती म्हणाली. "चालवताना मागचं काहीच दिसत नाही. पप्पांनी कसा काय…" आणि हात आरशापाशी नेऊन थांबली. मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावरून वाकून आरशात पाहिलं. गाडीवर बसल्या जागेवरून नेमकं आतलं दिसेल, असा तो वळवलेला होता. हॉलचं दार होतं, दारातून दिसणारी सगळी मॅट होती, आणि मॅटवर एक शेंबडी मुलगी हवेत ठोसे मारत होती.

"काकू, ती कुठल्या हातानं मारतेय?"

"डाव्या," मी आरशात बघून म्हणाले.

"मागं वळून बघा."

मी वळून पाहिलं. मुलगी उजव्या हातानं मारत होती.

वैष्णवीनं हँडलवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. मीही रडले. आबांसमोर उभं राहणारा, शपथ मोडायची नाही आणि लेकीवरची नजरही काढायची नाही म्हणून इतकी वर्षं आरसा पुसत बसलेला हा माणूस आपल्या ओळखीचा होता, याचा मला जो अभिमान वाटला तो कुणाला सांगून कळणार नाही. "समदं बघितलं त्यांनी," ती म्हणाली. ती माझ्याशी कधी घरच्या बोलीत बोलत नाही, तेव्हा बोलली. "समदं बघितलं, काकू."

मग तिनं ड्रेसच्या बाहीला तोंड पुसलं, पट्टा आवळला आणि आत गेली. आरशाला तिनं हात लावला नाही. मी पायरीवर न बसता गाडीशीच उभी राहिले. आत ती मुलांपुढे उभी राहिली, फाइटच्या पवित्र्यात, दाराकडे तोंड करून. मुलं तिच्याकडे बघत होती आणि ती आरशाकडे. तिनं सावकाश डावा हात वर घेतला. आरशात तो उजवा दिसला.