कशानंबाई

माझी आत्या डॉक्टरपुढच्या स्टुलावर एकदा बसली की उत्तर मिळाल्याशिवाय उठायची नाही. तिला वाचता येत नव्हतं, घड्याळही कळत नव्हतं. प्रश्न मात्र तिच्याकडं एकच होता आणि तो पक्का होता. डॉक्टर म्हणायचे, "पोट बिघडलंय." आत्या विचारायची, "कशानं?" "जंत झाले असतील." "ते कशानं?" तिसऱ्या 'कशानं'ला डॉक्टर घंटी वाजवायचे. पुढचा पेशंट आत येऊन उभा राहायचा, तरी आत्या स्टुलावरच. लातूरच्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिचं नावच कशानंबाई पाडलं होतं. आम्ही पायरी चढताना दिसलो की तो आत जाऊन सांगायचा, "कशानंबाई आल्या." ते आत्याला ऐकू जायचं. तिला त्यात वाईट काही वाटत नसे.

बिघडलेलं पोट माझं होतं, हे सांगायचं राहिलं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. माझ्या वडिलांना, आबांना, नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. मुखेडजवळच्या आमच्या गावातल्या बौद्धवाड्यातले ते पहिले सरकारी नोकर. आम्ही लातुरात दोन खोल्यांत राहायला आलो आणि मागोमाग दुष्काळ आला. गावात ना पीक ना काम, म्हणून आबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडं राहायला आली. आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ होता, त्यामुळं मला दवाखान्यात न्यायचं काम आपोआप आत्याकडं गेलं.

मी अकरा वर्षांची होते. हातपाय काड्या, पोट टम्म, तोंड सदा आलेलं. दिवसातून सहा-सात वेळा परसाकडं पळावं लागायचं. शाळेत बाकावर माझ्याशेजारी कुणी बसत नसे. मला त्याची लाज वाटायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची, कारण सुमनची गोष्ट मला माहीत होती. सुमन ही आत्याची एकुलती लेक. आधीच्या मोठ्या दुष्काळात, आत्या खडी फोडायच्या कामावर असताना, तीन वर्षांची सुमन अशीच पोट फुगून गेली होती. "डाक्टर मनला, गेली," आत्या सांगायची. "गेली ते मला बी दिसत होतं की. कशानं गेली, ते कुणी सांगितलं न्हाई." एवढं बोलून ती माझ्या पोटावर हात ठेवायची आणि बराच वेळ काढायची नाही.

आबांना तिच्या प्रश्नांनी अवघडल्यासारखं व्हायचं. नव्या जिल्ह्यात नवे साहेब, त्यांच्याशी नीट वागावं, असं त्यांना वाटे. "ताई, डॉक्टर शिकलेले असतात. त्यांना असं उलटून विचारू नये," ते म्हणायचे. आत्या म्हणायची, "शिकलेला हाय म्हणून तर इचारायले. अडाण्याला इचारून काय करू?" यावर आबा पेपर उघडून बसायचे.

बहुतेक डॉक्टरांचं उत्तर 'पाण्यानं' हेच होतं. टँकरचं पाणी, त्याला वास, दुसरं काय होणार? आत्यानं ते मनावर घेतलं. गावाकडं आमच्या वस्तीच्या आडाला तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. दर आठवड्याला ती एस.टी.नं जायची आणि दोन कॅन भरून आणायची, फक्त माझ्यासाठी. कंडक्टरनं एकदा लगेजचं तिकीट मागितलं. "पाण्याला तिकीट कशानं?" आत्यानं विचारलं. तो नियम सांगत राहिला, ती 'कशानं' म्हणत राहिली. अहमदपूर आल्यावर त्यानं हात जोडले आणि पुढं जाऊन बसला.

महिनाभर मी त्या आडाचंच पाणी प्याले. काही फरक पडला नाही. आत्या कंपाउंडरला बाजूला सारून आत गेली आणि म्हणाली, "डाक्टरसाब, पाण्यानं न्हाई. मी करून बघितलं." त्यावर डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि नेहमीचं पथ्य पुन्हा एकदा सांगितलं. भाकरी जड असते, ती बंद. फुलका द्या, दूध-ब्रेड द्या, बिस्किटं द्या.

हे पथ्य आत्याला फार आवडायचं. तिच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच, तीही लोकांच्या दारची, वाढून उरलेली. आता भाऊ सरकारी नोकर आणि भाचीला रोज गहू, याचा तिला कोण अभिमान. रेशनच्या रांगेत ती उन्हात उभी राहायची. स्वतः भाकरीचा तुकडा मोडायची आणि तिच्या वाटणीची पोळी माझ्या ताटात यायची, वर तूप. "खा माय. हलकं असतंय," म्हणायची. मीही खायचे. न खाऊन सांगते कुणाला?

असे पाच डॉक्टर झाले. सहावा डॉक्टर अगदी तरुण होता, नुकताच कुठून तरी बदलून आलेला. मिशीही धड फुटली नव्हती. त्यानं माझं पोट तपासलं, डोळे बघितले, जुने कागद वाचले. आत्यानं स्टूल पुढं ओढलं आणि विचारलं, "कशानं?"

त्यानं कागद खाली ठेवले. मग म्हणाला, "मावशी, खरं सांगू? मला माहीत नाही."

मला वाटलं, आता आत्या तिथंच ठाण मांडणार. ती चटकन उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हा खरं बोलायलाय. आता हेच्याकडंच यायचं." घरी आबांनी कपाळाला हात लावला. ज्याला माहीत नाही त्याच्याकडं जायचं, हे त्यांना काही पटेना.

पुढच्या खेपेला त्या डॉक्टरनं उलटा प्रश्न केला. डॉक्टर विचारतोय आणि आत्या उत्तर देतेय, असं प्रथमच घडलं. "हिला मधे कधी बरं वाटलं होतं का?" आत्या आठवायला बसली. बोटांवर महिने मोजत, पुटपुटत. "दिवाळीच्या मागून," ती म्हणाली, "महिनाभर रेशनला गहूच आला न्हाई. भाकरीच खायला घातली बिचारीला. तवा ही खेळत होती. गल्लीत लंगडी घालत होती." बोलता बोलता ती थांबली. डॉक्टरही लिहायचा थांबला.

त्यानं स्वतःला शिकवलेल्या मोठ्या डॉक्टरांना पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. काही जणांच्या आतड्याला गहू सोसतच नाही. तीन महिने गव्हाचा कणही देऊ नका आणि बघा. पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्किट नाही, रवा-मैदाही नाही.

"गव्हानं," डॉक्टर म्हणाला.

आत्यानं पुढं काही विचारलं नाही. कितीतरी वेळ ती आपल्या तळहातांकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "डाक्टरसाब, त्या दुष्काळात कामावर सुकडी मिळायची. लेकरांना पोटभर. ती बी गव्हाचीच. माझी सुमन..."

"ते आता नाही सांगता येणार, मावशी," तो म्हणाला. तो पुन्हा खरंच बोलला.

तीन महिन्यांत माझ्या गालावर मांस आलं. सहा महिन्यांत मी शाळेत लंगडीच्या संघात होते. आणि आत्या? आत्या आता गव्हाच्या मागं हात धुऊन लागली. माझी परात वेगळी, तवा वेगळा. गिरणीवाल्याला ती सकाळी शटर उघडायच्या आधी गाठायची. "आधी माझी ज्वारी दळ. काल शेवटी काय दळलंस? गहू? मग आधी जातं झाडून घे." आईनं कणीक मळली असेल तर मला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, नखांतलंसुद्धा काढायचं. आई वैतागायची, पण धुवायची.

माझ्या लग्नाची बोलणी नांदेडला झाली. मुलाकडच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीला गहू चालत न्हाई. तुमच्यात भाकरी कोण थापतं?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नवरामुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला येते. होस्टेलवर शिकलो." आत्या आबांकडं वळली. "द्या पोरगी." नवरा अजून भाकरी थापतो. जरा जाड थापतो, पण मी बोलत नाही.

त्या लग्नात मी एक गोष्ट बघितली. पंगतीत आत्यानं पुरीला हात लावला नाही. मला वाटलं, भूक नसेल. पुढं लक्षात आलं की ती कुणाच्याच घरी पोळी घेत नाही, बारशाला नाही, सणाला नाही. त्या दवाखान्यातून आल्यापासून तिनं गहू सोडला होता, कुणाला काही न सांगता.

शेवटी ती थकली तेव्हा मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. दात गेलेले, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, "वयामुळं. मऊ काहीतरी द्या, दुधात पोळी कुस्करून द्या." आत्यानं मान फिरवली. भाकरी चावेना, भात नको, पेज नको. मी वैतागून म्हणाले, "आत्या, तुला चालतो गं गहू. आजार मला होता."

"चालतो," ती म्हणाली. "पर ह्याच हातानं तुला दीड वर्ष चारला की. वर तूप लावून."

मला रडू आलं. मी म्हणाले, "आणि कशानं ते शोधलं कुणी? आडाचं पाणी कुणी आणलं? एवढे दवाखाने कुणी पालथे घातले? तू उठून आली असतीस ना त्या स्टुलावरून, तर मी आज नसते."

मी शेजारून वाटीभर कणीक आणली. एवढ्या वर्षांत मी कणकेत हात घातला नव्हता. पोळी वेडीवाकडी झाली. दुधात कुस्करली, वर साखर घातली आणि तिच्यापुढं धरली. तिनं वाटीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. बोटांना कणीक चिकटलेली होती.

"आधी हात धू," ती म्हणाली. "साबणानं. नखातलं बी काढ."

मी मोरीत जाऊन हात धुतले, दोनदा. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि आत्या पदरानं तोंड पुसत होती.